मंत्रिमहोदय, माझी प्रगतिपुस्तकं पुरात गेली

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

परवा मंगळवारी मी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीतून तिसऱ्यांदा हात हलवत परत आले. केसपेपरवर एकच ओळ आहे : ‘शालेय नोंदी व पालकांसह यावे.’ माझं वय ४१ आहे. आईवडील दोघंही हयात नाहीत. प्रगतिपुस्तकांची ट्रंक २०१९ च्या महापुरात चार दिवस पाण्याखाली होती. कुणाला सोबत आणू, साहेब?

मला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा लहानपणापासूनचा विकार, आहे का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. चौथीतल्या मुलाची तपासणी झाली तेव्हा मॅडम त्याच्याविषयी एकेक प्रश्न विचारत होत्या, आणि मला प्रत्येक उत्तरात मीच दिसत होते. त्याच म्हणाल्या, तुम्हीही दाखवून घ्या.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. मागच्या मार्चमध्ये कॅश नऊ हजारांनी कमी आली. रात्री साडेनऊपर्यंत व्हाउचरं तपासली. पैसे तिसऱ्या दिवशी सापडले, माझ्याच डब्याच्या पिशवीत, रबरबँड लावलेले. तोवर पगारातून भरपाई झाली होती आणि मेमो फाइलला लागला होता. एकदा मुलाला शाळेतून आणायचं विसरले. दीड तास तो गेटपाशी दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून रडलासुद्धा नाही, नुसता उठून चालू लागला. सासरी-माहेरी माझं नाव एकच, वेंधळी. मी आळशी नाही हो. रोज पहाटे उठून कामांची यादी करते आणि दहा वाजेपर्यंत ती यादीच सापडत नाही. हे चाळीस वर्षं चाललंय.

पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर. दुसऱ्या खेपेला माझा नंबर ८४. ऐकायला मिळालं, “हे लहान मुलांना असतं. नोकरी करता, संसार करता, मग कसला आजार?” नोकरी कशी करते ते कुणी विचारलं नाही.

लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीची हवीत, हा निदानाचा निकष मला मान्य आहे. पण त्याला पुरावा म्हणून प्रगतिपुस्तकच हवं, असं कुठे लिहिलंय? माझा थोरला भाऊ आहे, नवरा आहे. त्यांना विचारा ना! मोठ्यांसाठीची १८ प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती तरी पुढ्यात ठेवा, तीही मराठीत.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसे घेत नाहीत, खरं आहे. पण जी तपासणी होतच नाही, ती मोफत असून माझ्या काय कामाची? खासगीत साडेसात हजार सांगितले. माझा पगार चौदा हजार. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ म्हणतं, सरकारी मानसिक उपचार मिळणं हा माझा हक्क आहे. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन केला तर धीर मिळेल, पण चाचणी फोनवर होत नाही. प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. बाकीच्या जिल्ह्यांनी रजा टाकून एसटी धरायची का? अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. म्हणजे निदान झालं तरी पतसंस्थेत दाखवायला माझ्या हातात काय असेल?

पूर ओसरला तेव्हाही हेच. भिंतींवर छातीएवढ्या चिखलाची रेघ, आणि अनुदानासाठी पासबुक आणा, घरपट्टीची पावती आणा. जे वाहून गेलं तेच कागद आणायचे! बुडालेल्या माणसाकडे बुडाल्याचा दाखला मागणारं हे सरकार आहे, मग खुर्चीवर कुणीही बसो. आज आजारी माणसाकडे लहानपणीच्या आजाराचा दाखला मागताय.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मोठ्या माणसांची ही तपासणी करा. भावाबहिणीचं, नवऱ्याबायकोचं सांगणं ग्राह्य धरा. माझं मागणं इतकंच आहे.

काल रात्री भावाला माळ्यावर गणपतीच्या सामानाच्या खोक्यात माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक सापडलं. बाईंचा शेरा निळ्या शाईत आहे : ‘हुशार आहे, पण चित्त थाऱ्यावर नाही. पेन्सिली हरवते.’ त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ प्रत मी भावाकडेच ठेवायला सांगितली आहे.

आपली,
एक कॅशियर