भुसावळच्या काकांना: आप्पांची एकही ओळ तुम्ही पुसली नाहीत

काका,
सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, जुना कॉम्प्युटर दुरुस्त करून झाल्यावर रविवारी संध्याकाळी अमळनेर स्टेशनवर तुम्हाला गाडीत बसवलं तेव्हा मला नीट बोलताच आलं नाही. पैशाचं पाकीट तुम्ही माझ्याच पिशवीत परत सरकवलंत, ‘जाण्यायेण्याचं तिकीट तेवढं घेतो’ म्हणालात आणि गाडी हलली. दोन दिवस झाले, अजून घशाशी काहीतरी दाटलेलंच आहे. नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुमच्या आधी जे झालं तेही चारचौघांना कळलं पाहिजे.

आमच्या आप्पांनी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर घेतला. २००० साल होतं. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून ते पीसीक्वेस्ट आणायचे, त्यासोबत सीडी यायच्या, आणि त्या नादात त्यांना लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका प्रणालीचं, वेड लागलं. कुणाकुणाला विचारून त्यांनी रेड हॅट ६.२ हे लिनक्सचं एक रूप मिळवलं आणि स्वतः बसवलं. मग अहिराणी या आमच्या खानदेशी बोलीतल्या शब्दांचा कोश टाइप करायला घेतला. आखाजीच्या झोक्यांवर, कानबाईच्या रोटांच्या वेळी, बाजारात, एसटीत जे कानावर पडेल ते दिवसा वहीत आणि रात्री मशीनवर.

मराठी अक्षरं त्या मशीनवर तेव्हा धड दिसत नव्हती. आप्पांनी चौकटीच्या वहीत ठिपके भरून भरून स्वतःचा फॉन्ट बनवला. ‘क’ला कोणता आकडा, अर्ध्या ‘त’ला कोणता, हे त्यांनीच ठरवलं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच आकडा ठरवून देणारी पद्धत, त्यांनी कधी वापरलंच नाही. त्यामुळे ती फाइल माझ्या मोबाइलवर उघडली की नुसत्या किडामुंग्या दिसतात. कोश वाचायचा तर तेच मशीन हवं, तोच फॉन्ट हवा, आणि तो दाखवणारा पडदा हवा.

आप्पा जाऊन सहा वर्षं झाली. मशीन माय रोज पुसायची. महिन्यातून एकदा मी ते चालू करायचे, माय समोर खुर्ची ओढून बसायची आणि मी तिला पाच-दहा शब्द वाचून दाखवायचे. गेल्या दिवाळीत तो चौदा इंची मॉनिटर गेला.

नवा सपाट मॉनिटर आणला, जोडला, तर सुरुवातीची इंग्रजी अक्षरं दिसली आणि नंतर निळ्या चौकटीत ‘आउट ऑफ रेंज’. पहिल्या दुकानदाराने मशीनकडे पाहिलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, फॉरमॅट मारावं लागेल. मी म्हटलं, आत माझ्या वडिलांचं काम आहे. तो म्हणाला, ‘ताई, वीस वर्षांपूर्वीचं काय राहतं त्यात?’ दुसरा त्याच्यापेक्षा गोड बोलला. मशीन आठवडाभर ठेवून घेतलं, पडद्याला चित्र पुरवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड काढलं, दुसरं बसवलं, अठराशे रुपये घेतले. घरी आणून लावलं तर आता ते निळं ‘आउट ऑफ रेंज’ही नाही, काळ्या पडद्यावर नुसतं ‘लॉगिन’. जुनं कार्ड परत मागायला गेले तर ते भंगारात गेलं होतं. ‘डेटा गेला असं समजा’, हे त्याने मायच्या देखत सांगितलं. माय त्या दिवशी जेवली नाही.

१९४५ साली याच अमळनेरात विप्रो सुरू झाली, तेलाच्या गिरणीपासून. लहानपणी आप्पा ते अभिमानाने सांगायचे. मला राहून राहून वाटत होतं, अशा गावात एक पडदा लावून देणारं माणूस मिळू नये? हुशारी कमी पडली असं मी म्हणत नाही, दोघांनाही काम येत होतं. पण समोरच्या वस्तूत कुणाचा तरी जीव असेल, हा विचारच त्यांना शिवला नाही. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

मावसभावाने तुमचा नंबर दिला तेव्हा मी आशा सोडली होती. फोनवर तुम्ही पैशाचं बोलला नाहीत, मशीन कोणतं ते नंतर विचारलंत. पहिलं वाक्य होतं, ‘आता ते चालू करून करून बघू नका, डिस्क म्हातारी आहे. मी येईपर्यंत झाकून ठेवा.’ फोन ठेवल्यावर मायला सांगितलं, तर तिने मशीनवर आप्पांची शाल घातली.

तुम्ही सकाळच्या पॅसेंजरने आलात. पिशवीत डबा, एक जाड वही आणि मार्करने ‘२००२’ लिहिलेली सीडी. आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढलीत, एक नव्हे दोन, आणि त्यातली एक मायच्या हातात देऊन म्हणालात, ‘हे कपाटात ठेवा. आता माझ्या हातून काही चुकलं तरी साहेबांचं काम सुखरूप आहे.’ मायने ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. मग पाणी मागितलंत.

मला समजावं म्हणून तुम्ही काम करता करता सांगत होतात. लिनक्सवर चित्र दाखवणारी व्यवस्था वेगळी असते, तिचं नाव एक्स. १९८४ साली अमेरिकेत एमआयटीत ती जन्मली. आधीच्या एका व्यवस्थेचं नाव डब्ल्यू होतं, म्हणून पुढचं अक्षर. अकरावी आवृत्ती १९८७ साली आली आणि तोच अकराचा आकडा आजही चालतो, हे ऐकून माय म्हणाली, म्हणजे माझ्या मोठ्या नातवापेक्षा जुनी. आप्पांच्या मशीनवर होतं ते एक्सचंच एक रूप, एक्सफ्री८६, आवृत्ती ३.३.६. त्या काळी कार्डाच्या दर घराण्याला एक्सचा वेगळा प्रोग्रॅम लागायचा. दुकानदाराने घातलेलं रेडिऑन कार्ड त्याच्या कुठल्याच प्रोग्रॅमला ओळखीचं नव्हतं. २००० सालच्या मार्चमध्ये चौथी आवृत्ती आली तिच्यापासून प्रोग्रॅम एकच आणि कार्डाचा तुकडा तेवढा वेगळा, अशी रचना झाली. तुमच्या सीडीवर ४.२ होतं. म्हणून ती बसवायची, पण मशीनच्या जुन्या सी लायब्ररीला, म्हणजे सगळे प्रोग्रॅम ज्याच्या आधारावर चालतात त्या भागाला, जुळणारीच, नाहीतर उठणारच नाही.

खरं तर एवढं करायची वेळच आली नसती, हेही तुमच्याकडूनच कळलं. आप्पांनी पडदा १०२४ बाय ७६८ ठिपक्यांवर ठेवला होता आणि त्यांचा जुना मॉनिटर तेवढं एकदम दाखवू शकत नव्हता, म्हणून एक आड एक ओळ रंगवायची, सेकंदाला ८७ वेळा. नव्या सपाट पडद्याला ते पेलत नाही. पहिल्याच दिवशी कुणी सेटिंगच्या दोन-तीन ओळी बदलून त्याला ६० वर आणलं असतं तर जुनं कार्डही वाचलं असतं. तुम्ही हे सांगताना कुणाला नावं ठेवली नाहीत. मी ठेवते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

या सगळ्या सेटिंगची एक फाइल असते. ती तुम्ही उघडलीत आणि वाचता वाचता थांबलात. चष्मा काढून पुसलात, पुन्हा घातलात आणि मला म्हणालात, ‘आईंना बोलवा.’ आप्पांनी त्या फाइलीत जागोजागी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून ठेवलं होतं. मॉनिटरच्या आकड्यांशेजारी: ‘३५.५ च्या वर नेऊ नये, शिट्टी वाजते.’ खाली एका ठिकाणी: ‘२६ जानेवारी २००१. सकाळी भूकंपाचा धक्का. सगळे सुखरूप. १०२४ जमले.’ भूजचा तो भूकंप. आम्ही सगळे अंगणात उभे होतो ते मला आठवतं; मग सगळे आपापल्या कामाला लागले आणि आप्पा आत जाऊन मशीनशी बसले, हेही आठवतं. ते तिथे लिहून ठेवलं असेल हे मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तुम्ही ते मायला मोठ्याने वाचून दाखवलंत. दोनदा.

नव्या आवृत्तीला ती जुनी फाइल चालत नाही, तिची मांडणी बदलली आहे. दुसऱ्या कुणी ती उडवली असती आणि नवी ठेवली असती, आणि चूक काहीच झाली नसती. तुम्ही तसं केलं नाहीत. आप्पांची प्रत्येक ओळ नव्या फाइलीत आणलीत, तिच्या आधी # हे चिन्ह लावलंत आणि तुमची ओळ तिच्या खाली लिहिलीत, तारखेसकट. मी विचारलं, मशीनला नको असलेलं ठेवायचं कशाला? तुम्ही म्हणालात, ‘हे चिन्ह असलं की मशीन ती ओळ वाचत नाही. माणसाला वाचता येते. ज्याने इतकी वर्षं चालवलं त्याचं पुसणारा मी कोण?’

एकच ओळ तुम्ही तशीच मोकळी ठेवलीत. तिच्या शेजारी आप्पांनी लिहिलं होतं, ‘हे काढू नको, माझे फॉन्ट इथे आहेत.’ तुम्ही म्हणालात, ‘ही अजून कामावर आहे.’

पुढचे दोन-तीन तास काय काय केलंत ते मला सांगता येणार नाही. तीन वेळा पडदा काळा झाला, तीन वेळा माझ्या पोटात गोळा आला, तिन्ही वेळा तुम्ही वहीत काहीतरी टिपलंत आणि शांतपणे पुन्हा बसलात. दुपारी चारच्या सुमाराला आधी बारीक करड्या जाळीचा पडदा आला, मधोमध एक फुली, तीच माउसची खूण. आणि मग कोश उघडला. ठिपक्याठिपक्यांची, जराशी डावीकडे कललेली आप्पांची अक्षरं. पहिल्याच पानावर ‘आंडेर: मुलगी’ आणि ‘आंडोर: मुलगा’. माय खुर्चीत बसली नाही, पडद्याला हात लावून उभी राहिली. ‘हाई त्यासनंच शे’, हे त्यांचंच आहे, एवढंच बोलली. तुम्ही उठून मागच्या दारी गेलात आणि बराच वेळ आत आला नाहीत. ते मी पाहिलं, काका.

तुमच्यासारखी माणसं गावोगाव असतात हे मी नव्याने मानायला लागले आहे. पंप दुरुस्त करणारा असो, शिवणयंत्रवाला असो, जिल्ह्याच्या दवाखान्यातली नर्स असो. समोरच्याची वस्तू हातात घेताना ज्याचा हात जरा हळू होतो, त्याच्याकडे आपण निर्धास्त जातो. माझी लेक बीएस्सीला आहे. त्या दिवशी तुमच्या शेजारी स्टुलावर बसून तिने जे पाहिलं ते तिला कुठल्या वर्गात शिकवलं गेलं नसतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती कामाला लागली आहे. पडद्यावर आप्पांचं अक्षर बघायचं, त्याचा आकडा लिहायचा, समोर आजचं युनिकोडचं अक्षर. रोज रात्री जेवणं झाली की दोघी आजी-नात बसतात. जोडाक्षरं अडतात, तिथे माय शब्द बोलून दाखवते आणि अक्षर सापडतं. तक्ता पुरा झाला की अख्खा कोश कुठल्याही मोबाइलवर वाचता येईल, असं तुम्ही म्हणाला आहात. तरी मशीन आम्ही ठेवणारच आहोत, शाल काढली आहे.

आणखी एक. कोशात काही शब्दांपुढे आप्पांनी अर्थ न लिहिता प्रश्नचिन्ह ठेवलंय. लेकीने मोजले, एक्केचाळीस आहेत. बरेचसे तुमच्या बाजूचे, तिकडच्या लेवा बोलीतले वाटतात. मायला त्यातले चारच आले. आखाजीला मांडे करणार आहोत, वहिनींना घेऊन या. यादी मोठ्या अक्षरांत काढून ठेवते.

तुमची,
अमळनेरची आंडेर