सूचना : १६ ऑगस्ट, फुकुओका स्मृतिदिन व कडधान्य पेरणीची तयारी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, नैसर्गिक शेतीचे जपानी पुरस्कर्ते मासानोबू फुकुओका यांचा स्मृतिदिन १६ ऑगस्टला आहे. जन्म १९१३, जपानचे शिकोकू बेट. वनस्पतिरोगांचे अभ्यासक, कस्टममधली नोकरी सोडून घरची शेती धरली. १९८८ चा मॅगसेसे पुरस्कार. २००८ मध्ये वयाच्या ९५व्या वर्षी निधन. हारतुरे, भाषणे नकोत. त्या दिवशी पुढील काम ठरवू.

ते उभ्या भातातच पुढचे पीक फोकत, म्हणजे बी हाताने उधळून पेरत. आपल्याकडे कापणीआधी ८-१० दिवस वाल किंवा चवळी फोकावी. बांध फोडून पाणी आधी काढा. साचलेल्या पाण्यात बी कुजते, आणि माती भेगाळल्यावर टाकले तर रुजत नाही. झोडणीनंतर पेंढा शेतात परत पसरा, पण आडवातिडवा. ओळीने जाड थर दिला की कोंब त्याखालीच पिवळे पडतात. गुरे असणाऱ्यांनी निम्मा तरी शेतात ठेवावा. फुकुओका भातासोबत पेरत तो पांढरा क्लोव्हर (जमिनीवर पसरणारी चाऱ्याची वनस्पती) इथे शोधत बसू नये, ते थंड हवेचे पीक.

खरी अडचण मोकाट गुरांची. कापणी झाली की मळे मोकळे सुटतात, म्हणून एकट्याने पेरू नका. लागून असलेल्या कुणग्यांच्या (भाताच्या खाचरांच्या) मालकांनी मिळून एकच कुंपण करा.

आंब्याच्या कलमवाल्यांसाठी : वडिलांच्या छाटलेल्या संत्र्यांच्या बागेची छाटणी फुकुओकांनी एकदम बंद केली. फांद्या गुंतल्या, कीड पडली, झाडे मेली. हापूसची जुनी बाग तशी सोडू नये.

येताना घरचे बियाणे आणि सातबारा आणावा; कुंपणात कोणाचे किती क्षेत्र येते ते त्यावरून पाहू.