मदतीचा धनादेश पोचतो, मुलापर्यंत कोणी पोचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून-जुलैची मासेमारी बंदी उठली की दापोली-गुहागर किनाऱ्यावरच्या होड्या पुन्हा समुद्रात जातात, आणि वाऱ्यापावसात होडी उलटल्याची, खलाशी बेपत्ता झाल्याची बातमीही मागोमाग येते. तिच्या शेवटी ठरलेले वाक्य असते : 'त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुले आहेत.' त्या दोन मुलांकडे पुढे कोण बघते, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

२०१९ मध्ये तिवरे धरण फुटले, २०२१ मध्ये तळिये आणि पोसरे येथे दरडी कोसळल्या, २०२३ मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली. आश्रमशाळेत होती म्हणून इर्शाळवाडीतली काही मुले वाचली. अशा वेळी पंचनामे होतात, मंत्री येतात, मदत जाहीर होते, आणि ती हवीच. पण कोकणातली बहुतेक मुले पोरकी होतात ती बातमीत न येणाऱ्या मरणांनी. कोणाचा बाप महामार्गावर जातो, कोणाचा दारूने, कोणाची आई बाळंतपणात किंवा तापाने. तिथे पंचनामाही नसतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झाले. अशा घरात लहान मुलाला काय सांगितले जाते, ते मला ठाऊक आहे. 'बाबा बोटीवर गेलेत, येतील.' थोरल्याला सांगतात, 'आता घरातला कर्ता तूच, रडायचं नाही.' दोन्ही मायेपोटीच. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला मेलेला माणूस परत येत नाही हेच अजून उमगलेले नसते. ते रोज वाट बघते. बाबा निघाले तेव्हा आपण खाऊसाठी हट्ट केला म्हणून ते रागावून गेले, असेही त्याच्या मनात बसते. मग शाळेत पोट दुखते, अंथरूण ओले होते, वाचता येणारे पोर अक्षर विसरते. घरचे अंगारा लावतात, भगताकडे नेतात. त्यात सुतक असले की गणपती नाही, शिमग्याला पालखी अंगणात येत नाही. रूढी पाळावी की न पाळावी हा ज्या त्या घराचा प्रश्न. मात्र यंदा आपल्याच घरी गणपती का नाही, हे त्या मुलाला जवळ बसवून कोणीतरी सांगायला हवे. ते कोणी सांगत नाही.

समुद्रात बेपत्ता झालेल्यांच्या घरी तर याहून कठीण. देह नाही, म्हणून दहावे-बारावे नाही. आई कुंकू पुसायला तयार होत नाही. सर्वसाधारणपणे सात वर्षे पत्ता लागला नाही तरच कायदा माणसाला मृत मानतो. मृत्यूचा दाखला नाही म्हणून पालक गमावलेल्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये मिळवतानाही त्या बाईला खेटे घालावे लागतात. मुलाने रडावे की वाट बघावी?

रत्नागिरीचे मनोरुग्णालय ब्रिटिशांच्या काळापासून आहे. पण दापोलीच्या खाडीकाठच्या गावातून तिथे जायचे म्हणजे एका मजुरीवर पाणी सोडायचे, आणि 'मनोरुग्णालय' ही पाटी बघूनच माणसे मागे फिरतात. फोनवरून मानसिक आधार देणारी १४४१६ ही सरकारी टेलिमानस सेवा २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, मोठ्यांना तिचा उपयोगही आहे. सात वर्षांचे मूल फोन लावणार नाही.

'शिक्षकांना प्रशिक्षण द्या' असे यावर लगेच सुचवले जाते. कृपा करून ते करू नये. दोनशिक्षकी शाळेत पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि चार वर्ग सांभाळून शिक्षक हे काम मन लावून करूच शकत नाही. बिहारमध्ये शाळांतून किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करून पाहिले गेले. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांकडे सोपवलेल्या शाळांत फरक पडला नाही. त्याच कामासाठी नेमलेल्या प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या शाळांत पडला. केनिया आणि टांझानियात आई किंवा बाप गमावलेल्या ७ ते १३ वर्षांच्या ६४० मुलांवरचा अभ्यास २०२० चा. तिथे मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिकांनी मुलांचे छोटे गट घेतले, आणि सांभाळणाऱ्या नातेवाइकांचेही वेगळे गट घेतले. चारपैकी तीन ठिकाणी या मुलांचा त्रास नेहमीचीच मदत मिळालेल्या मुलांपेक्षा अधिक घटला. वर्षभरानंतर टांझानियात हा फरक उरला नाही, केनियात टिकला. म्हणजे हा जादूचा उपाय नाही, पण डॉक्टर नाही म्हणून हात बांधून बसायचेही कारण नाही.

आपल्याकडे काय करता येईल? प्रत्येक शाळा केंद्रासाठी, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, गावातलीच एक शिकलेली बाई निवडावी आणि तिला रीतसर मानधन द्यावे. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक काम टाकू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मानसशास्त्रज्ञांनी तिला शिकवावे, दर महिन्याला तिचे ऐकून घ्यावे, आणि मूल जेवत नसेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला स्वतः तपासावे. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होतेच. मागे अठरा वर्षांखालील मूल आहे का, एवढे विचारून तिला कळवावे. बेपत्ता खलाशाच्या घराची खबरही तिला मिळावी, दाखल्याची वाट न बघता. मग तिने निदान वर्षभर त्या घरी जात राहावे. गर्दी असते तेव्हा पहिल्या पंधरवड्यात एकदा गेली तरी पुरे. खरी गरज नंतर असते, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर, पहिल्या गणपतीत, शाळा उघडते त्या दिवशी. आजीशीही तिने बोलावे. मुलगा गेलेली आजीच अनेक घरांत नातवंडे वाढवते आणि तिचेही कोणी ऐकत नाही.

यासाठी नवी इमारत लागत नाही. जिल्हा नियोजन समितीने मानधनाची तरतूद करून दापोली किंवा गुहागर, कोणताही एक तालुका निवडावा आणि येत्या शैक्षणिक वर्षात सुरुवात करावी. आपल्या वृत्तपत्राने त्याचा पाठपुरावा करावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी