शंभर टक्के हजेरीचं बक्षीस आता बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की दरवर्षी वर्गात तेच सुरू होतं म्हणून हे लिहितेय. मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. सकाळी मुलाचं अंग गरम लागतं, घरातले तापाचं सिरप पाजतात, तासाभरात ताप उतरतो आणि मूल व्हॅनमध्ये बसतं. चौथीपर्यंतचे वर्ग आता 9 च्या पुढे भरतात, आणि 8 ला दिलेल्या पॅरासिटॅमॉलचा असर फार तर चार ते सहा तास, म्हणजे मधल्या सुट्टीच्या आसपास ताप परत चढतो. मग ते मूल डबा उघडतं, पोळीचा एक तुकडा मोडून तसाच ठेवतं आणि बाकावर डोकं टेकतं, डोळे पाणावलेले, कान लाल. तोवर शेजारच्याने त्याच्याच बाटलीतलं पाणी प्यायलेलं असतं. घरी फोन लावावा तर आई कंपनीत, मोबाईल लॉकरमध्ये, बाबांचा लागत नाही, आणि मूल शाळा सुटेपर्यंत स्टाफरूममध्ये दोन खुर्च्या जोडून झोपतं.

मला या आयांचा राग येत नाही. राज्य सरकारच्या नोकरीतल्या बाईला 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण धुणीभांडी करणारी, दुकानात उभी राहणारी, कंत्राटावर काम करणारी बाई घरी राहिली की तिचा त्या दिवसाचा पगार जातो. त्याला मी एकटी काय करणार. पण गॅदरिंगला स्टेजवर बोलावून शंभर टक्के हजेरीचं सर्टिफिकेट देणं तर आपल्या हातात आहे ना? दुसरीतली एक मुलगी कांजिण्या आलेल्या असताना फुल बाह्यांचा स्वेटर घालून आली होती, घरी पाठवायला लागले तर रडायला लागली, "मॅडम, माझं सर्टिफिकेट जाईल." सात वर्षांच्या पोरीला आपण हे शिकवलंय.

पालक मला नेहमी विचारतात, नक्की कधी पाठवायचं नाही? ताप 100.4 किंवा त्याच्या वर असेल तर नाही, आणि औषध न देता 24 तास ताप आला नाही की मगच पाठवा, हे "औषध न देता" फार महत्त्वाचं आहे कारण सगळी फसगत तिथेच होते. उलट्या-जुलाब थांबल्यावरही एक दिवस घरी ठेवा, दोन ठेवले तर अजून चांगलं. कांजिण्यांचे सगळे फोड सुकून खपल्या धरेपर्यंत नाही, गोवराचं पुरळ उठल्यावर चार दिवस नाही, गालगुंडाची सूज आल्यावर पाच दिवस नाही. आणि मूल नुसतंच मलूल असेल, खेळत नसेल, तर थर्मामीटर काहीही म्हणो, ठेवा घरी.

पण नुसतं नाक वाहतंय, मूल खातंय, दंगा करतंय, तर खुशाल पाठवा!! कोविडनंतर काही शाळा जरा शिंक आली की मुलाला परत पाठवतात, ते मला अजिबात पटत नाही. लहान मुलांना पावसाळ्यात सर्दी होतच राहते, दर सर्दीला घरी बसवलं तर अर्धं सत्र जाईल आणि खरा ताप येईल तेव्हा आईकडे सुट्टीच उरलेली नसेल.

2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये आळंदीकडून डोळ्यांची साथ पसरली तेव्हा बऱ्याच शाळांनी स्वतःहून सांगितलं होतं की डोळे आलेत तर मुलाला पाठवू नका, आणि पालकांनी ऐकलं. तेव्हा कोणी हजेरीचा हिशोब काढला नाही. मग तापाला का काढायचा?

हजेरी घसरेल असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की कामाला जुंपलं म्हणून किंवा गावी नेलं म्हणून शाळा बुडवणारं मूल वेगळं आणि तापाने फणफणलेलं मूल वेगळं, दोघांना एका मापाने मोजू नका. बक्षीस द्यायचंच तर वाचनाला द्या, खेळाला द्या. शिक्षण विभागाने तापाचा आणि बाकीच्या आजारांचा हा नियम शाळेच्या डायरीत पहिल्याच पानावर मराठीत छापायला लावावा, जूनच्या पालकसभेत तो वाचून दाखवावा, आणि प्रवेशाच्या फॉर्मवर आईवडिलांशिवाय अजून एका माणसाचा नंबर घ्यावा, आजी असो, शेजारच्या काकू असोत, जे दुपारी खरंच येऊन मुलाला घेऊन जाऊ शकतील.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, सातारा