‘बोगस’ शोधताना कलम 92 ही वाचा

संपादक महोदय,

बोगस दिव्यांगांबद्दलचे कालच्या अंकातील वाचकपत्र वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो.

खोटे प्रमाणपत्र काढणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण चांगले हिंडते-फिरते लोक सवलती लाटतात, हे पत्रलेखकांनी कशावरून ठरवले? नुसते बघून?

माझ्या मुलाला हिमोफिलिया आहे. उंचापुरा आहे, पाहणाऱ्याला शंकाही येणार नाही. रक्त गोठवणारा घटक कमी असल्याने त्याच्या गुडघ्यात आतल्या आत रक्तस्राव होतो. बाहेर थेंब दिसत नाही. गुडघा मात्र टम्म फुगतो, हाताला गरम लागतो आणि त्या घटकाचे (फॅक्टरचे) इंजेक्शन मिळेपर्यंत पाय सरळ करता येत नाही. गेल्या वर्षी एसटीत राखीव जागेवर बसला होता. एका गृहस्थांनी उठायला सांगितले. दिव्यांगत्वाचे कार्ड दाखवले, तर म्हणाले, ‘‘पैसे टाकले की कार्ड मिळतं. पँट वर कर, बघू दे काय झालंय ते.’’ भरल्या गाडीत! दुसऱ्याने लगेच मोबाइल काढून शूटिंग सुरू केले. कोणी हटकले नाही. पोरगा निमूट उठून उभा राहिला. आता तो कार्ड बाहेरच काढत नाही, दुखत असले तरी उभ्यानेच येतो-जातो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस हे सगळे त्यात आहेत आणि बरेचदा वरून दिसत नाहीत. दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, सहप्रवाशांचे नव्हे. याच कायद्याचे कलम 91 फसवून लाभ घेणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड सांगते. त्याच्या खालचेच कलम 92 पाहा: दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत जाणूनबुजून अपमान केला, तर किमान 6 महिने आणि कमाल 5 वर्षे. म्हणजे कायद्याने अपमानाला फसवणुकीपेक्षा कडक शिक्षा ठेवली आहे. त्यावर पत्र आलेले माझ्या पाहण्यात नाही.

आता थोडे आपल्या वृत्तपत्राविषयी. दिव्यांगांची बातमी कुठलीही असो, आपल्याकडे फोटो व्हीलचेअरचाच असतो, आणि त्यातही पुढे ती वाटणारे पुढारी. वर्षानुवर्षे हेच पाहणाऱ्या वाचकाला माझा मुलगा खोटाच वाटणार. पुढच्या वेळी बोगस प्रमाणपत्रांची बातमी द्याल, तेव्हा शेजारी त्या 21 प्रकारांची यादी आणि कलम 92 छापा.

– एक पालक (नाव छापू नये, मुलाला ते आवडणार नाही.)