बाळाच्या पहिल्या दुधाविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सविनय नमस्कार.

इंदूरच्या रामबागेतली मी एक रहिवासी. गेल्या पावसाळ्यात शहरातल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये माझी भाची सिझेरियनने बाळंत झाली. बाळ सुखरूप होते, आई शुद्धीवर होती. तरीही बाळाला तिच्या कुशीत दिले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तोवर डब्यातल्या पावडरचे दूध बाटलीने पाजून झाले होते. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांखाली त्या पावडरचे नाव व 'दर तीन तासांनी' ही सूचना होती. ती हाताने लिहिलेली नव्हती, छापलेली होती. म्हणजे तिथे बाळंत होणाऱ्या प्रत्येकीला, तिला दूध येते की नाही हे पाहण्याआधीच, तोच कागद मिळत असणार.

बाळ जितके चोखते तितका पान्हा वाढतो. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक चमचा-दोन चमचेच असतो, पण नवजात बाळाला एका वेळी तेवढाच पुरतो आणि रोगांशी लढणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. बाटलीने पोट भरलेले बाळ झोपून जाते, अंगावर ओढत नाही, त्यामुळे दूध उतरत नाही. आणि मग 'हिला दूधच पुरत नाही' हे चौथ्या दिवशीचे वाक्य खरे ठरते. भाचीच्या बाबतीत नेमके हेच झाले. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू घरात होते, पण गेलेली वेळ त्यांनी परत आली नाही. पुढे महिनाभर बाळाला पुन्हा पुन्हा पदराखाली घेऊन तिने दूध वाढवले, ते तिच्या चिकाटीमुळे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 88.6 टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात, पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळते ते 41.8 टक्के बाळांनाच. बाया रुग्णालयापर्यंत पोहोचतात. उशीर होतो तो आत. पूर्वी आमच्याही घरांत चीक पिळून टाकत आणि बाळाला मधाचे बोट चाटवत, ती समजूत आशाताईंनी आणि अंगणवाडीने बरीच बदलली. आता तीच शिकवण प्रसूतिगृहांना देण्याची गरज आहे.

यासाठी नवा कायदा नको. 1992 चा शिशुदुग्ध-पर्याय कायदा, 2003 च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा पदार्थांची जाहिरात, फुकट नमुने आणि आरोग्यसेवेच्या माध्यमातून होणारा प्रचार यांना मनाई करतो. डब्यावर बाळाचे चित्रसुद्धा चालत नाही. मग रुग्णालयाच्या छापील कागदावर त्याचे नाव कसे चालते?

काही बाळांना वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावेच लागते, त्यांच्या आयांना कोणी दोष देऊ नये. पण त्यांना बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले सांगावे, कारण बाटलीचे बूच नीट स्वच्छ होत नाही; आणि नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या या शहरात टाकीतले पाणी उकळल्याशिवाय पावडरीत घालणे म्हणजे जुलाबांना घरात बोलावणे आहे.

माझी विनंती एवढीच. या कायद्यानुसार तपासणीसाठी राज्य सरकारला प्रथम श्रेणीचा अधिकारी प्राधिकृत करता येतो. तसा अधिकारी इंदूर जिल्ह्यासाठी नेमून त्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक प्रसूतिकक्षाच्या दारावर लावावा, आणि खाजगी प्रसूतिगृहांचे घरी सोडतानाचे कागद त्याने स्वतः तपासावेत. भाचीचा कागद मी जपून ठेवला आहे. आपले कार्यालय मागेल त्या दिवशी तो घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक मावशी, रामबाग, इंदूर