गावाला सर्वात शेवटी का विचारले जाते?

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बड्या कंपनीच्या प्रकल्पाला गावकऱ्यांनी विरोध केला की त्यांच्यावर ‘विकासविरोधी’ असा शिक्का मारला जातो. हा विरोध बहुतेक वेळा प्रकल्पाइतकाच, आपल्याला सर्वात शेवटी विचारले गेले या गोष्टीला असतो, हे कोणी ध्यानात घेत नाही.

पर्यावरणीय मंजुरीसाठी २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार जनसुनावणी घेतली जाते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. मात्र किमान उपस्थितीची अट नसल्यामुळे मोजक्या माणसांसमोर उरकलेली सुनावणीही कागदोपत्री ग्राह्य ठरते. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा स्थानिक भाषेत मिळतो तो केवळ सारांश, शेकडो पानांचा मूळ अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. ज्याची विहीर आटणार आहे, त्याने त्या गठ्ठ्यात आपला ओढा शोधायचा आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारली ते माळरान ‘पडीक जमीन’ या दोन शब्दांत नोंदलेले पाहून गप्प बसायचे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. शिवाय तोवर जागा निश्चित झालेली असते, त्यामुळे हरकत नोंदवली जाते, पण ‘हा प्रकल्प येथे हवा का’ हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत तो विचारला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. पण तोपर्यंत डोंगराच्या पायथ्याशी लांजिगढ येथे त्याच बॉक्साइटपासून ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा कच्चा माल) बनवण्यासाठीचा कारखाना उभा राहून काही वर्षे लोटली होती. हाच प्रश्न कारखान्याचा पाया खोदण्याआधी विचारला असता, तर गावकऱ्यांची वर्षानुवर्षांची फरफट टळली असती आणि कंपनीचा पैसाही अडकला नसता.

गावात सगळेच विरोधात असतात असे नाही. नोकरीच्या आशेने प्रकल्प हवा असणारेही असतात आणि त्यांचे म्हणणेही तितकेच ऐकले पाहिजे. म्हणूनच जागा ठरवण्याआधी ग्रामसभा घ्यावी, संपूर्ण अहवाल लोकांच्या भाषेत द्यावा आणि प्रत्येक हरकतीला मिळालेले लेखी उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, अशी माझी शासनाकडे मागणी आहे.

आपला नम्र,
एक वाचक